जस्त, तांबे आणि हायड्रोक्लोरिक आम्ल: प्रयोग नीट कसा करायचा

शाळेच्या वहीत हा प्रयोग दोन ओळींत संपतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात जस्त टाकले, बुडबुडे आले, हायड्रोजन तयार झाला. तांबे टाकले, काहीच झाले नाही. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पण प्रत्यक्ष करायला बसले की घोळ सुरू होतात. जस्त टाकून मिनिट उलटले तरी ते ढिम्म असते, आणि ज्या तांब्याला काही व्हायला नको त्याच्याच नळीत हिरवट झाक उतरते. मग निरीक्षणाच्या रकान्यात पुस्तकातले उत्तर उतरवून मोकळे व्हायचे, ही पद्धत सगळ्यांच्या परिचयाची आहे.

बुडबुडे दाखवणे सोपे असते. 'काहीच झाले नाही' हे दाखवायचे तर धातू स्वच्छ हवा, आम्ल शुद्ध हवे आणि हवेला दूर ठेवता यायला हवे. म्हणून इथे तांब्याला जास्त जागा दिली आहे. जस्त आपले काम आपणच करते.

आम्ल तयार करताना

बाटलीतले तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वजनाने साधारण ३७ टक्के असते, म्हणजे जवळपास १२ मोलर (एका लिटरात १२ मोल; मोल हे पदार्थाचे कण मोजण्याचे एकक). झाकण उघडताच पांढरट धूर निघतो आणि नाकाला झोंबतो. या प्रयोगाला इतके तीव्र आम्ल लागत नाही. २ मोलर पुरते. १०० मिलिलिटर हवे असेल तर चंचुपात्रात आधी ८३ मिलिलिटर पाणी घ्या आणि त्यात १७ मिलिलिटर आम्ल काचकांडीने ढवळत हळूहळू ओता. नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. उलट केले तर वर पडलेले थोडेसे पाणी एकदम तापून आम्लासकट उडते. चष्मा आणि हातमोजे घालूनच हे करा, खिडक्या उघड्या ठेवा आणि विद्यार्थी असाल तर तीव्र आम्लाची बाटली शिक्षकांच्याच हातात राहू द्या. शक्य असेल तर आधीच विरल केलेले आम्ल मागून घ्या.

पाणी उकळून थंड केलेले वापरले तर उत्तम. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. तिचा संबंध पुढे तांब्याशी येणार आहे.

फरशी धुण्यासाठी विकले जाणारे पिवळसर आम्ल मात्र इथे वापरू नका. ते स्वस्त असते हे खरे, पण तो पिवळेपणा बहुधा लोखंडाच्या क्षारामुळे आलेला असतो, आणि फेरिक क्लोराइड तांबे विरघळवते. सर्किट बोर्डावरचे नको असलेले तांबे काढायला हेच द्रावण वापरतात. म्हणजे तुम्ही आम्लाची परीक्षा घेत आहात असे समजाल आणि काम करत असेल लोखंड. प्रयोगाला पाण्यासारखे रंगहीन आम्लच घ्या. आणखी एक: कोणतेही हायड्रोक्लोरिक आम्ल ब्लीचच्या जवळपास नेऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

धातू निवडताना आणि घासताना

जस्तासाठी प्रयोगशाळेतले दाणेदार जस्त सर्वांत सोयीचे. पूड टाळा, तिचा पृष्ठभाग इतका मोठा असतो की फेस नळीबाहेर उसळतो. गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला खिळा काही जण वापरतात. त्यावर सुरुवातीला जोरात बुडबुडे येतात, मुलामा संपला की वेग घटतो आणि आतले लोखंड संथपणे प्रक्रिया करू लागते. बघायला छान, पण त्याला जस्ताचा प्रयोग म्हणता येणार नाही.

तांब्याची तार घेताना जास्त चोखंदळ व्हा. तांबूस दिसणारी प्रत्येक तार तांब्याची नसते. चुंबक लावून बघा. ओढली गेली तर आत पोलाद आहे. टोक कापून छेद बघा. आत रुपेरी असेल तर ते तांब्याचे पातळ आवरण चढवलेले ॲल्युमिनियम आहे, आणि ॲल्युमिनियम या आम्लात चांगलेच फसफसते. मोटारीच्या गुंडाळीतली तार असेल तर तिच्यावर पारदर्शक वार्निश असते. ते खरवडले नाही तर आम्ल धातूपर्यंत पोहोचतच नाही आणि 'प्रक्रिया झाली नाही' हा निष्कर्ष चुकीच्या कारणाने बरोबर येतो.

दोन्ही धातू बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि पाण्याने धुवा. जस्तावर ऑक्साइड आणि कार्बोनेटचा करडा पापुद्रा असतो; तो विरघळेपर्यंत बुडबुडे निघायला वेळ लागतो. तांब्यावरचा थर याहून जास्त फसवतो. काळपट थर कॉपर ऑक्साइडचा. तो आम्लात विरघळतो, द्रावणाला निळसर-हिरवा रंग येतो आणि एकही बुडबुडा येत नाही. हिरवा कळंक असेल तर तो कार्बोनेटयुक्त असतो. तो आम्लात फसफसतो, पण सुटणारा वायू कार्बन डायऑक्साइड असतो. बघणाऱ्याला वाटते की तांब्याने हायड्रोजन दिला.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मुद्दाम एक जास्तीची नळी करा. तारेचा एक तुकडा बर्नरवर काळा होईपर्यंत तापवा, पूर्ण थंड करा आणि आम्लात सोडा. काळा थर उतरतो, द्रावणात फिकट रंग येतो, खाली गुलाबीसर स्वच्छ तांबे उघडे पडते आणि तिथेच सगळे थांबते. आम्लाने ऑक्साइड खाल्ले, धातूला हात लावला नाही. हा फरक एकदा पाहिला की आयुष्यभर लक्षात राहतो.

पहिली पायरी: तांबे

तांब्यापासून सुरू करा, कारण त्याला वेळ द्यावा लागतो. दोन परीक्षानळ्या घ्या. पहिलीत ५ मिलिलिटर आम्ल आणि घासलेल्या तारेचा तुकडा. हिचे तोंड उघडे ठेवा. दुसरीत तसाच तुकडा टाका, पण नळी आम्लाने काठोकाठ भरा आणि हवेचा बुडबुडा न ठेवता रबरी बूच लावा. दोन्हींवर चिठ्ठ्या लावा.

पहिल्याच मिनिटाला तारेवर काही बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. घाबरू नका आणि लगेच लिहूही नका. ते हवेचे असतात. नळीवर टिचकी मारा. हवेचे बुडबुडे सुटून वर जातात आणि परत येत नाहीत. प्रक्रियेतून येणारे बुडबुडे त्याच जागी पुन्हा पुन्हा उगवतात. दोन्ही नळ्या एका बाजूला ठेवून द्या, उद्यापर्यंत.

दुसरी पायरी: जस्त

तिसऱ्या नळीत ५ मिलिलिटर आम्ल घेऊन जस्ताचा एक दाणा हळूच घसरवत सोडा. वरून टाकला तर नळीच्या तळाला तडा जाऊ शकतो. सुरुवातीला काही क्षण शांतता असते. मग दाण्याच्या एखाद्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ सुटते, हळूहळू सगळा पृष्ठभाग फेसाने झाकला जातो. दाणा छोटा असेल तर बुडबुडे त्याला वर उचलतात, वर ते फुटले की तो पुन्हा तळाला बसतो. नळीला बोट लावा, कोमट लागेल. द्रावण रंगहीनच राहते, कारण झिंक क्लोराइडला रंग नसतो. शेवटी तळाशी थोडे काळे कण उरले तर ती जस्तातली भेसळ, बहुतेक वेळा शिसे.

प्रक्रिया अशी: जस्त + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → झिंक क्लोराइड + हायड्रोजन.

झोंबरा वास आला तर तो वायूबरोबर उडणाऱ्या आम्लाच्या तुषारांचा. हायड्रोजनला वास नसतो.

जस्त फार शुद्ध असेल तर मात्र प्रक्रिया कंटाळवाणी होते. उत्तम प्रतीचे, महागडे जस्त जास्त जोमाने फसफसेल अशी अपेक्षा असते, घडते उलटे. जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू जुळायला अडथळा असतो. भेसळीचे कण तो अडथळा कमी करतात. अशुद्ध जस्त आम्लात भरभर विरघळते याची विजेच्या अंगाने उकल जिनिव्हाच्या ऑग्युस्त द ला रीव्ह यांनी १८३० मध्ये केली होती. उपाय सोपा आहे: मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. दाण्यावर काळपट-तपकिरी तांबे चढते आणि बुडबुडे एकदम वाढतात. हात सैल सोडू नका, थेंब जास्त झाले की तांब्याचा थर जस्ताला पूर्ण झाकतो आणि वेग पुन्हा पडतो.

तिसरी पायरी: वायू ओळखणे

एक रिकामी परीक्षानळी उपडी करून जस्ताच्या नळीच्या तोंडावर धरा. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका, तो वरच्या नळीत जमतो. अर्ध्या मिनिटाने ती नळी उपडीच ठेवून दूर न्या आणि तोंडाशी जळती काडी धरा. 'फट्' असा छोटा आवाज येईल. आवाज होतो तो हवा मिसळलेली असते म्हणून. नळीत नुसता हायड्रोजन असेल तर तो तोंडाशी शांतपणे जळतो, ज्योत जेमतेम दिसते. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी मिश्रण पेट घेते. इतका मोठा पल्ला असल्यामुळे एक नियम पाळायचाच: ज्वाला फक्त वेगळ्या केलेल्या छोट्या नळीजवळ न्यायची, जिथे वायू तयार होतो आहे त्या भांड्याजवळ कधीही नाही.

जस्त, लोखंड आणि कथील आम्लात टाकून निघणाऱ्या या 'ज्वलनशील हवे'चा पद्धतशीर अभ्यास हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे तुमच्या नळीतला प्रयोग अडीचशे वर्षांहून जुना आहे.

असे का घडते

आम्लात हायड्रोजन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले हायड्रोजनचे कण, असतात. त्यांना इलेक्ट्रॉन मिळाले तर त्यांचा हायड्रोजन वायू होतो. प्रश्न इतकाच की समोरचा धातू इलेक्ट्रॉन द्यायला तयार आहे का. ही तयारी प्रमाण विद्युतअग्र विभवाने मोजतात आणि हायड्रोजनला शून्य धरतात. जस्ताचा आकडा उणे ०.७६ व्होल्ट, तांब्याचा अधिक ०.३४ व्होल्ट. शून्याच्या खालचे धातू हायड्रोजन आयनांना इलेक्ट्रॉन देतात, वरचे देत नाहीत. क्रियाशीलता श्रेणीत जस्त हायड्रोजनच्या वर आणि तांबे खाली असते ते यामुळेच.

इथे एक शंका हमखास निघते: मग नायट्रिक आम्लात तांबे कसे विरघळते? तिथे इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयन घेत नाहीत, आम्लातले नायट्रेट घेते. म्हणून तपकिरी वायू निघतो तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा, हायड्रोजनचा नाही. हायड्रोक्लोरिक आम्लातल्या क्लोराइडला हे ऑक्सिडीकरणाचे, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेण्याचे, काम जमत नाही. नायट्रिकचा प्रयोग घरी करून बघू नका, तो वायू विषारी आहे.

चौथी पायरी: दोघांना टेकवा

माझ्या मते सगळ्यात पाहण्यासारखी पायरी हीच, आणि नेमकी हीच वगळली जाते. छोट्या चंचुपात्रात ४०-५० मिलिलिटर आम्ल घ्या. एका बाजूला जस्ताची पट्टी, दुसऱ्या बाजूला तांब्याची पट्टी किंवा जाड तार उभी करा. दोन्हींची वरची टोके आम्लाच्या बाहेर राहू द्या आणि त्यांना एकमेकांना टेकू देऊ नका. बुडबुडे फक्त जस्तावर. आता वरची कोरडी टोके एकमेकांना टेकवा. तांब्यावरून बुडबुड्यांचा पडदा उठू लागतो. टोके दूर करा, थांबतो. पुन्हा टेकवा, सुरू.

पाहणारा म्हणेल, बघा, तांब्याचीही प्रक्रिया झाली! तांबे बाहेर काढा, धुवा, वाळवा, वजन करा. घटलेले नसते. घटते जस्त. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन धातूतून तांब्यात जातात आणि तिथे हायड्रोजन आयनांना मिळतात, कारण हायड्रोजनचे रेणू तांब्यावर जास्त सहज जुळतात. पाहुणे तांब्याच्या दारातून बाहेर पडतात, पण घर रिकामे होते ते जस्ताचे. मोरचुदाच्या थेंबांनी वेग का वाढला, त्याचे उत्तरही हेच: दाण्यावर असंख्य चिमुकली तांब्याची दारे तयार झाली.

टोके टेकवण्याऐवजी मल्टिमीटरच्या दोन पिना लावल्या तर पाऊण ते एक व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. तुम्ही विद्युतघट केला आहे. व्होल्टा यांनी १८०० साली जाहीर केलेल्या घटमालेचे हे जवळचे भावंड.

पाचवी पायरी: तांब्याच्या नळ्या दुसऱ्या दिवशी

आता बाजूला ठेवलेल्या दोन नळ्या घ्या. तोंड उघड्या नळीत एक-दोन दिवसांत फिकट हिरवट रंग दिसू लागतो, तार आम्लाच्या पातळीपाशी जास्त खाल्लेली दिसते. काठोकाठ भरून बूच लावलेली नळी जवळजवळ रंगहीन असते. आम्ल तेच, तार तीच, फरक हवेचा. तांब्याला आम्लाने नव्हे, हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडीकृत केले आणि आम्लाने फक्त तयार झालेले द्रावणात घेतले:

२ तांबे + ऑक्सिजन + ४ हायड्रोक्लोरिक आम्ल → २ कॉपर क्लोराइड + २ पाणी.

उजव्या बाजूला हायड्रोजन वायू नाही, पाणी आहे. त्यामुळे 'तांबे हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन विस्थापित करत नाही' हे वाक्य जास्त अचूक. 'तांब्यावर या आम्लाचा परिणाम होत नाही' असे लिहिले तर उघडी नळी तुम्हाला खोटे पाडते. शिवाय एकदा कॉपर क्लोराइड तयार झाले की ते स्वतःच आणखी तांबे खायला मदत करते, म्हणून रंग चढण्याचा वेग पुढे वाढत जातो. परीक्षेत मात्र 'हवेच्या अनुपस्थितीत, विरल आम्लात प्रक्रिया होत नाही' एवढे पुरते.

त्या हिरवट द्रावणात जस्ताचा छोटा दाणा टाका. तो आधी काळवंडतो, मग तपकिरी-तांबूस भुसभुशीत थर चढतो, आणि द्रावणाचा रंग विरत जातो. विरघळलेले तांबे धातू होऊन परत आले. आम्ल शिल्लक असल्यामुळे सोबत बुडबुडेही येतात. दोन प्रक्रिया एकाच वेळी चालू आहेत, एक तांब्याचे विस्थापन आणि एक हायड्रोजनचे. वहीत दोन्ही लिहा.

मोजमाप: मिश्रणात जस्त किती

दोन धातूंच्या या वागण्याचा उपयोग मोजणीसाठी होतो. जस्त आणि तांब्याच्या कणांचे मिश्रण आम्लात टाकले तर जस्त विरघळते, तांबे तळाशी राहते. पितळेच्या तुकड्यावर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण मिश्रधातूत जस्ताचे अणू तांब्यात अडकलेले असतात.

हिशोब असा. जस्ताचे मोलर वस्तुमान ६५.३८ ग्रॅम, आणि २५ अंश सेल्सिअसला एक मोल वायू सुमारे २४.५ लिटर जागा व्यापतो. एका मोल जस्तापासून एक मोल हायड्रोजन. म्हणून ०.२ ग्रॅम जस्तापासून साधारण ७५ मिलिलिटर वायू मिळायला हवा. १०० मिलिलिटरच्या मोजपात्राला हे माप अगदी जुळते. इतक्या जस्ताला २ मोलर आम्ल ३ मिलिलिटरच्या थोडे वर लागते. तरी २० मिलिलिटर घ्या, म्हणजे शेवटपर्यंत वेग टिकतो.

मोजपात्र पाण्याने भरून पाण्याच्या परातीत उपडे करा. शंकुपात्रात आम्ल घ्या, बुचातून रबरी नळी मोजपात्राखाली न्या. मिश्रण एका छोट्या कुपीत ठेवून ती कुपी शंकुपात्रात उभी सोडा, बूच घट्ट लावा आणि मगच पात्र तिरके करून कुपी आडवी पाडा. मिश्रण आधी टाकून मग बूच शोधत बसलात तर पहिला दहा-पंधरा मिलिलिटर वायू खोलीत जातो. सुरुवातीला मोजपात्रात येते ती शंकुपात्रातली हवा असते, पण आकारमान मोजताना तिने काही बिघडत नाही. जितका हायड्रोजन तयार झाला तितकीच हवा पुढे ढकलली गेली. बुडबुडे थांबल्यावर सगळे खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मोजपात्राच्या आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी सारखी करा आणि वाचा. पाण्याच्या वाफेमुळे आकडा दोन-तीन टक्के जास्त येतो.

समजा अर्धा ग्रॅम मिश्रणातून वाफेची वजाबाकी करून ७५ मिलिलिटर वायू मिळाला. जस्त ०.२ ग्रॅम, म्हणजे ४० टक्के. आता उरलेले तांबे गाळणी कागदावर घ्या, पाण्याने दोनदा धुवा, शेवटी स्पिरिटने, आणि मंद उष्णतेवर वाळवा. जास्त तापवले तर ते काळे पडते आणि ऑक्सिजनमुळे वजन वाढते. वजन ०.३ ग्रॅम आले तर दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर मिळाले. तांबे जास्त भरले तर थोडे जस्त विरघळायचे राहिले किंवा तांबे ओले आहे. कमी भरले तर गाळताना बारीक कण निसटले, किंवा मिश्रण आम्लात हवेशी फार वेळ पडून राहिले आणि आपली ओळखीची हिरवी झाक काम करून गेली.

आवरताना

सगळी द्रावणे एका मोठ्या चंचुपात्रात एकत्र करा. जस्ताचा तुकडा उरला असेल तर आधी बाहेर काढा, नाहीतर हायड्रोजन निघतच राहील. खाण्याचा सोडा चिमटी-चिमटीने टाका, फेस बसेपर्यंत थांबा, मग पुढची चिमटी. फेस यायचा बंद झाला की आम्ल संपले. झिंक आणि कॉपरचे क्षार पाण्यातल्या जीवांना घातक असतात, म्हणून उदासीन केलेले द्रावणही मोरीत ओतायचे नाही. प्रयोगशाळेच्या धातू-क्षारांच्या डब्यात टाका. त्या डब्याचे झाकण लगेच घट्ट लावू नका, सोड्याचा कार्बन डायऑक्साइड काही वेळ सुटत असतो. उरलेले जस्ताचे आणि तांब्याचे तुकडे धुऊन, पुसून, वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा. ओले आणि एकत्र ठेवलेत तर चौथी पायरी पुडीतच सुरू होते आणि पुढच्या वेळी जस्त पांढऱ्या भुकटीने माखलेले सापडते.